उघड्यावर ठेवलेला कोड आणि त्याची इजाजत

घाटकोपर-कुर्ला पट्ट्यातील कापडाच्या पेढ्यांवर लाल वही आता क्वचितच दिसते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहानसहान दुकानदारांवरही संगणकावर बिल करण्याची पाळी आली. संगणक आला की प्रोग्रॅम आला. कोणी तयार प्रोग्रॅम विकत घेतो, कोणी ओळखीच्या मुलाकडून करून घेतो. हा दुसरा मार्ग आम्हीही धरला होता. त्यात आमच्यावर जो प्रसंग आला तो व्यापारी बंधूंसमोर ठेवावा म्हणून हा लेख. कारण जी चूक आमच्याकडून झाली ती आपल्यातील अनेक पेढ्यांवर रोज होत असते आणि ती चूक आहे हेच करणाऱ्यास ठाऊक नसते.

कापडाचा हिशेब इतर मालासारखा नसतो. माल ताक्याने येतो, मीटरने विकला जातो, उरलेला तुकडा कटपीसमध्ये जातो, आणि ताक्यावर लिहिलेले मीटर व प्रत्यक्ष मोजलेले मीटर यांत फरक निघतो तो निराळाच. तयार प्रोग्रॅमला हे समजावताना आमचे मुनीमजी रडकुंडीला येत. आमचा भाचा तेव्हा इंजिनीअरिंगला होता. त्याने सुट्टीचे दोन महिने बसून आमच्या पद्धतीचा प्रोग्रॅम केला. ताका आला की त्याचे लेबल छापायचे, विक्री झाली की तेवढे मीटर वजा, फरक निघाला तर तो वेगळ्या खात्यात. काम इतके चोख झाले की बाजारातील चार दुकानदारांनी तोच प्रोग्रॅम मागितला. आम्ही प्रत्येकी तीन हजार रुपये घेऊन तो दिला.

पाच-सहा महिन्यांनी दक्षिणेकडील एका अनोळखी गृहस्थाचा ई-मेल आला. झाले असे की, त्या चार दुकानदारांपैकी एकाचे लेबल वाकडे छापले जाऊ लागले. त्याच्या मुलाने प्रोग्रॅमची फाइल उघडून पाहिली, आत एक नाव व ई-मेलचा पत्ता दिसला, आणि त्याने सरळ त्या पत्त्यावर मदत मागितली! त्या गृहस्थांनी आम्हाला अदबीने, पण स्पष्ट लिहिले, “लेबल छापण्याचा हा भाग मी लिहिलेला आहे. तो विकण्याची इजाजत मी कोणालाही दिलेली नाही.”

भाच्याला बोलावले. तो म्हणाला, “मामू, त्यांनीच तर गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा ठेवलाय. साइटच्या अटींतच लिहिलंय की दुसऱ्याला कॉपी करता येते.”

प्रथमदर्शनी आम्हालाही त्याचे म्हणणे पटले. जी वस्तू मालकाने स्वतः चव्हाट्यावर मांडली तिची चोरी कसली? परंतु व्यापारात वर्षे काढल्यामुळे एवढे कळते की करार वाचल्याशिवाय वाद घालू नये. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी अटी वाचायच्या म्हणजे डिक्शनरी मांडीवर घेऊन बसावे लागते. तरी त्या अटींची छापील प्रत काढली आणि दोन रात्री खर्च करून वाचली. भाचा अर्धाच खरा निघाला.

गिटहब ही कोड ठेवण्याची व वाटून घेण्याची जगातील सर्वांत मोठी जागा आहे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती साडेसात अब्ज डॉलर्सना घेतली. तेथे जो आपला कोड सर्वांना दिसेल असा ठेवतो, तो साइटच्या अटींप्रमाणे दोन परवानग्या देतो. एक साइटला, की तिने तो कोड साठवावा, दाखवावा, त्याची राखीव प्रत ठेवावी. दुसरी तेथील इतर खातेदारांना, की त्यांनी तो पाहावा आणि त्याच साइटवर आपल्या खात्यात त्याची प्रत करावी. बस्स. ती प्रत साइटबाहेर काढून आपल्या प्रोग्रॅममध्ये घालावी, दुकानात चालवावी, चौघांना विकावी, यांपैकी काहीही त्या अटींत नाही. तेवढी इजाजत हवी असेल तर ती कोडच्या मालकाने वेगळी द्यावी लागते, आणि ती ज्या कागदाने देतात त्याला लायसन्स म्हणतात.

लायसन्स म्हटले की आपल्याला पहिल्यांदा गुमास्ता आठवतो, म्हणजे सरकारने दिलेला कागद. येथे सरकारचा काही संबंध नाही. मालकाने आपल्या मालाबद्दल लिहून दिलेली ही इजाजत आहे.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एका मार्केटच्या दारावर पाटी आहे की गाळेधारकाने माल काचेत मांडावा, गिऱ्हाइकाने पाहावा, हात लावावा, मार्केटमध्ये फिरवावा. ही पाटी मार्केट आणि आत येणारे यांच्यातील करार झाला. तिचा आधार घेऊन कोणी आपले डिझाइन भिवंडीच्या लूमवर उतरवून आणले तर आपण त्याला सोडू काय? आता दुसरा गाळेधारक पाहा. तो प्रत्येक ताक्याला चिठ्ठी बांधतो की हे डिझाइन कोणीही विणावे, बदलावे, विकावे, फक्त काठावर माझे नाव राहू द्यावे. ती चिठ्ठी ताक्याबरोबर भिवंडीला जाते, मालेगावला जाते, तेथून इचलकरंजीला जाते. ताका ज्याच्या हाती त्याला ती इजाजत. मार्केटची पाटी म्हणजे वेबसाईटच्या अटी आणि ताक्याची चिठ्ठी म्हणजे ओपन सोर्स लायसन्स.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पाटी मार्केट कमिटी उद्या बदलू शकते. साइट आपल्या अटी बदलण्याचा हक्क राखून ठेवते. मार्केटच उठले तर पाटीही गेली. गुगलने कोड ठेवण्याची आपली ‘गुगल कोड’ ही जागा जानेवारी २०१६ मध्ये बंद केली. तेथील हजारो प्रोग्रॅम दुसरीकडे गेले, पण ज्यांना लायसन्सची चिठ्ठी बांधलेली होती त्यांची इजाजत जशीच्या तशी राहिली. जीपीएल नावाच्या लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, जी २००७ ची आहे, स्पष्ट लिहिले आहे की अटी पाळणाऱ्याकडून ही इजाजत परत घेता येणार नाही.

चिठ्ठीच नसेल तर काय? मग कायदा बोलतो. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे संगणकाचा प्रोग्रॅम हा पुस्तकासारखाच ‘साहित्य’ या सदरात मोडतो. लिहिला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहावेही लागत नाही. म्हणजे ज्या कोडवर काहीच लिहिलेले नाही तो सर्वांचा नसून पूर्णपणे मालकाचा असतो. आमची सर्वांची समजूत नेमकी उलटी असते. याच कायद्याच्या कलम ६३-बी मध्ये, प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धंद्यासाठी वापरलेली नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. आपण तर धंद्यासाठीच वापरतो.

विद्याविहारचे उदाहरण

आता चिठ्ठी बांधलेला माल कसा असतो ते पाहू. त्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही, घाटकोपरहून एक स्टेशन पुरे. विद्याविहारची फ्रॅपे टेक्नॉलॉजीज ही कंपनी २००८ मध्ये रुषभ मेहता यांनी सुरू केली. तेव्हा तिचे नाव वेब नोट्स टेक्नॉलॉजीज असे होते. घरच्या फर्निचरच्या धंद्याला हिशेबाचा व मालाचा मोठा प्रोग्रॅम बसवण्याच्या खटपटीतून त्यांचे काम उभे राहिले. म्हणजे दुखणे आमच्या मुनीमजींचेच. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ हा प्रोग्रॅम झाला. खरेदी, विक्री, गोदाम, उधारी, कारखान्याचे जॉबवर्क, सगळे त्यात आहे, आणि त्याचा कोड जीपीएल आवृत्ती तीन या लायसन्सखाली जगाला खुला आहे.

या लायसन्सचा व्यापाऱ्याला अर्थ काय? प्रोग्रॅम फुकट उतरवून घ्या, आपल्या पेढीवर चालवा, ताका-मीटरचा हिशेब त्यात बसवा. तो बदल आपल्या पेढीपुरता असेल तर कोणालाही दाखवण्याची सक्ती नाही. दुसऱ्या दुकानदाराला बसवून देऊन मोबदला घ्या, त्यालाही मनाई नाही. पण ज्या घडीला तुम्ही त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती दिली, त्या घडीला तुमच्या बदलांसकट सगळा कोड त्यालाही त्याच लायसन्सखाली मिळाला पाहिजे. म्हणजे जी सवलत तुम्हाला मिळाली ती पुढच्याला नाकारता येत नाही. आम्हाला ही अट न्यायाची वाटली. आमच्या एका स्नेह्यांना मात्र ती मुळीच पसंत नाही. ते म्हणतात, मेहनत मी करायची आणि कोड शेजाऱ्याला द्यायचा, हा कुठला धंदा? त्यांनी अशा कोडपासून दूर राहावे, एवढेच त्याला उत्तर आहे. चिठ्ठी मान्य नसेल तर माल उचलू नये.

शिवाय सगळ्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. ईआरपीनेक्स्ट ज्या पायावर उभा आहे तो ‘फ्रॅपे फ्रेमवर्क’ हा पाया त्याच कंपनीने एमआयटी नावाच्या लायसन्सखाली ठेवला आहे. हे लायसन्स एका पानातही सहज मावते. वाटेल ते करा, आपल्या बंद प्रोग्रॅममध्ये घाला, विका. फक्त मूळ मालकाचे नाव व लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. एकाच पेढीचा माल, पाया एका चिठ्ठीचा आणि वरची इमारत दुसऱ्या चिठ्ठीची. म्हणून “अमुक कंपनीचा कोड खुला आहे” एवढे ऐकून चालत नाही, कोणता भाग कोणत्या लायसन्सखाली हे पाहावे लागते. आणखी एक गोष्ट, जी कापडवाल्यांना लगेच समजेल. कोड खुला असला तरी ‘ईआरपीनेक्स्ट’ हे नाव व त्याचे चिन्ह कंपनीचा ट्रेडमार्क आहे. कापड विणण्याची इजाजत मिळाली म्हणून दुसऱ्या मिलचा शिक्का मारता येत नाही.

मुंबईतच तयार झालेला दुसरा प्रोग्रॅम म्हणजे डिजिटल फ्रीडम फाउंडेशनचा ‘ग्नूखाता’. हिशेब व मालसाठ्याचा हा प्रोग्रॅम एजीपीएल या लायसन्सखाली आहे. जीपीएलमध्ये एक पळवाट राहते. प्रोग्रॅमची प्रत कोणाला दिलीच नाही, आपल्या सर्व्हरवर ठेवून गिऱ्हाइकांना इंटरनेटवरून वापरू दिला, तर कोड देण्याचे बंधन येत नाही. एजीपीएलने ही वाट बंद केली. तुम्ही प्रोग्रॅम बदलला आणि तो नेटवरून लोकांना वापरू दिला, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला कोड मिळण्याची सोय ठेवावी लागते. आपले काही तरुण हल्ली दुकानदारांना महिना पाचशे रुपयांत ऑनलाइन बिलिंग देतात. त्यांनी पोटात कोणता कोड घातला आहे हे एकदा तपासून घ्यावे.

छापखानेवाले, लग्नपत्रिका व लेबलवाले बंधू म्हणतील की हे आमचे काम नाही. तेही यातून सुटत नाहीत, कारण अक्षरांचा फॉन्ट हादेखील एक छोटा प्रोग्रॅमच असतो. विंडोजमध्ये येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली झाला. हे तेच जोशी ज्यांनी पवईच्या आयआयटीत शिकवले आणि जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेत काम केले. २००८ मध्ये ते वारले. एनसीएसटीतील त्यांचाच ‘रघु’ हा फॉन्ट जीपीएलखाली खुला झाला. हात एक, लिपी एक, पण मंगल मायक्रोसॉफ्टच्या अटींना बांधलेला आणि रघु कोणीही घ्यावा, बदलावा असा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. पत्रिका छापा, पाट्या रंगवा, कोणी विचारणार नाही. नुसता फॉन्ट मात्र सुटा विकता येत नाही. उर्दू छपाईसाठी गुगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ याच लायसन्सखाली आहे. नस्तालीकचे चोरीचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरणाऱ्या आपल्या छापखान्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

काही साइट अशाही आहेत की ज्यांच्या अटीच लायसन्स लावून देतात. प्रोग्रॅमर मंडळी अडले की ज्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’वर धावतात, तेथे लिहिणारा प्रत्येक जण साइटच्या अटींप्रमाणेच आपला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एका लायसन्सखाली देतो, २ मे २०१८ पासून त्याची चौथी आवृत्ती लागू आहे. मूळ लेखकाचे नाव द्या आणि बदललेली वस्तू त्याच लायसन्सखाली पुढे द्या, अशा त्याच्या दोन प्रमुख अटी. पण हे लायसन्स मजकुरासाठी केलेले आहे, प्रोग्रॅमसाठी ते वापरू नका असे खुद्द क्रिएटिव्ह कॉमन्सवालेच सांगतात. तेव्हा तेथून दहा ओळी उचलून आपल्या बंद प्रोग्रॅममध्ये घालणारा मुलगा सहसा नाव देत नाही आणि दुसरी अटही पाळत नाही. आता तर मुले यंत्रालाच कोड लिहायला सांगतात. गिटहबच्या अशा यंत्राविरुद्ध काही प्रोग्रॅमरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. आमचा कोड लायसन्सच्या अटी न पाळता यंत्राने गिळला, ही त्यांची तक्रार. पुढे न्यायालयाने त्यांचे बरेचसे मुद्दे काढून टाकले, पण लायसन्सचा भंग झाला हा मुद्दा उभा राहू दिला.

फुकट दिलेल्या मालाच्या अटी न्यायालय कशाला मानील, असे कोणी विचारील. २००८ मध्ये अमेरिकेत खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका प्रोग्रॅमवरून हा प्रश्न वरच्या न्यायालयापर्यंत गेला. जेकबसन यांनी कोड फुकट दिला होता, कात्झर यांनी नाव न देता तो आपल्या मालात घातला. पैसे घेतले नाहीत म्हणून अटी पोकळ ठरत नाहीत, त्या मोडणे म्हणजे कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, असा निर्णय झाला. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच जीपीएलच्या अटी लागू धरल्या होत्या.

आणखी एक गैरसमज, जो आमच्या वकिलांनी दूर केला. आम्ही त्यांना म्हणालो की भाच्याला आम्ही चाळीस हजार रुपये दिले, तेव्हा निदान त्याने स्वतः लिहिलेला भाग तरी पेढीचा झाला ना? ते म्हणाले, नाही. पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला प्रोग्रॅम मालकाचा, पण बाहेरच्याकडून ठोक रकमेत करून घेतलेला प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचाच राहतो. तो आपल्या नावे व्हायचा तर त्याच्या सहीचे लिखाण हवे. त्या लिखाणात मुदत घातली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. प्रोग्रॅम करून घेणाऱ्या बंधूंनी बिल चुकते करताना दोन कागद मागून घ्यावेत. एक हा हक्क लिहून दिल्याचा. दुसरा, प्रोग्रॅममध्ये कोणाकोणाचा कोड आहे आणि प्रत्येकाचे लायसन्स काय, याची यादी. जो मुलगा ही यादी देऊ शकत नाही त्याने कोड कुठून आणला हे त्यालाच ठाऊक नसते.

आमच्या प्रकरणाचे पुढे असे झाले. आम्ही त्या गृहस्थांना माफीचा ई-मेल लिहिला, चारही दुकानांतून प्रोग्रॅम काढला आणि प्रत्येकाचे तीन हजार परत केले. बारा हजार गेले त्याचे दुःख नव्हते. चार शेजाऱ्यांना “आमच्या मालात दुसऱ्याचा माल निघाला” हे तोंडाने सांगताना जी मान खाली गेली ती जास्त लागली. भाच्याने तीन आठवडे बसून लेबलाचा भाग एमआयटी लायसन्सच्या कोडवर नव्याने केला. तेवढे दिवस मुनीमजींनी लेबले पेनने लिहिली आणि आम्हाला दिवसातून दोनदा तरी त्याची आठवण करून दिली.

त्या गृहस्थांचे उत्तर महिन्याभराने आले. त्यांनी काही मागितले नाही. लिहिले होते की कोड ठेवताना लायसन्सची फाइल घालायचे त्यांच्या ध्यानातच राहिले नव्हते, आता त्यांनी ती घातली आहे, आणि तुम्ही आधी दोन ओळींत विचारले असते तर त्याच दिवशी हो म्हटले असते. आम्ही भाच्याला ते वाचून दाखवले. तो म्हणाला, “मामू, मग जुनाच भाग परत लावू का? तो जास्त चांगला होता.” त्यांनी घातलेली फाइल आधी छापून आण, मग बघू, असे आम्ही त्याला सांगितले.